पासवर्डशिवाय रिमोट अ‍ॅक्सेस : सांगली ऑफिस ते कुपवाड सर्व्हर, कामाच्या नोंदी

७ एप्रिल २०२५

सकाळी हिशेब बघणाऱ्या ताईंचा फोन, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) लई हळू चालतंय म्हणून. बघितलं तर टॅलीचं काहीच नव्हतं, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधे सिक्युरिटीचा लॉग उघडला आणि ४६२५ नंबरच्या नोंदी, म्हणजे लॉगिन फसल्याच्या, खाली खाली जात राहिलो तरी संपेनात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, युजर, टेस्ट, अकाउंट्स अशी नावं एकामागून एक घालून कुठलीतरी स्क्रिप्ट रात्रभर दार ठोठावतीय. कारण शोधायला फार वेळ लागला नाही, राऊटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (लांबून कॉम्प्युटर चालवायचं दार) बाहेरून थेट सर्व्हरवर सोडलेला आहे. आणि तो मीच सोडलेला, ऑगस्ट २०१९ मधे.

ज्यांनी २०१९ चा तो पूर सांगलीत काढलाय त्यांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमचं हळदीच्या व्यापाराचं ऑफिस मारुती चौकाच्या बाजूला, तिथं तर पाणी सगळ्यात आधी येतं. सर्व्हर आदल्या रात्री ट्रॅक्टरमधून कुपवाड एमआयडीसीच्या गोडाऊनला हलवला, पोत्यांच्या मधे टेबल टाकून चालू केला, माणसं मिरजेत, विश्रामबागेत, कोण पाहुण्यांकडं कोल्हापूरकडं अडकलेली, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे त्यांच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, द्यायच्या होत्या. लोकांच्या घरात पाणी आणि त्यांचे पैसे आमच्याकडं. तेव्हा पोर्ट उघडला आणि सगळ्यांना आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. पट्ट्या गेल्या. पूर ओसरला, ऑफिसातला गाळ निघाला, सर्व्हर कुपवाडलाच वरच्या मजल्यावर कायमचा ठेवला, आणि पोर्ट तसाच राहिला. २०२१ च्या पुरात तोच परत कामाला आला म्हणून कुणी हात लावला नाही. तो पासवर्डही तोच.

आज संध्याकाळी पाच वाजता पोर्ट बंद केला. मालकांना, अण्णांना सांगितलं, उद्यापासून दोन-चार दिवस त्रास होईल. ते म्हणाले "सौद्याच्या सीझनमधे?" मी म्हटलं अण्णा, कुणी आत शिरून डेटा लॉक केला तर सीझनच राहणार नाही. गप्प बसले, मग म्हणाले "कर, पण पावसाच्या आधी नीट होऊ दे."

८ एप्रिल

तात्पुरतं वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून नेलेला बंद बोगदा) टाकलं, ऑफिसातल्या चार मशीनवर आणि ताईंच्या लॅपटॉपवर. हे मला मनापासून आवडतं. लिनक्स कर्नलमधे ५.६ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून आतच आहे, यूडीपीचा एकच पोर्ट लागतो आणि की (डिजिटल किल्ली) जुळली नाही तर ते उत्तरच देत नाही, बाहेरून स्कॅन करणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही. चार तासात सगळे कामाला लागले.

पण हे शेवटचं उत्तर नाही. वायरगार्डची की लॅपटॉपवर फाईलमधे पडलेली असते, ती मशीनची ओळख आहे, माणसाची नाही. ताईंचा लॅपटॉप रात्री घरी मुलगा गेमला घेतो, तो बोगदा चालू असला तर त्या पोराच्या गेमसोबत काय येतंय ते सरळ आमच्या नेटवर्कात. आणि पुढं विंडोजचा पासवर्ड आहेच, पोस्ट-इटवर मॉनिटरला चिकटवलेला.

१५ एप्रिल

आठवडाभर वाचून, करून बघून ठरवलं. नोंद करून ठेवतो म्हणजे पुढं कुणी विचारलं तर कारणं सापडतील.

सर्व्हर दोन. विंडोजवर टॅली, लिनक्सवर आमचं स्वतःचं स्टॉकचं आणि गेटपासचं वेब अ‍ॅप्लिकेशन. माणसं अकरा, त्यातले रोज कॉम्प्युटरवर बसणारे सहा. बाहेरचे एक सीए साहेब, महिन्यातून तीन-चार दिवस.

पुढच्या दाराला कीक्लोक (लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्यात वेबऑथन, म्हणजे पासकी (फोनमधे किंवा मशीनमधे राहणारी डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर की (कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली). त्याच्या मागं स्टॉकचं अ‍ॅप आणि ग्वाकामोली. ग्वाकामोलीमुळं रिमोट डेस्कटॉप ब्राऊझरच्या टॅबमधे दिसतो, यूजरच्या मशीनवर काही टाकावं लागत नाही आणि मुख्य म्हणजे घरचं मशीन आमच्या नेटवर्कात येतच नाही, फक्त चित्र जातं आणि कीबोर्ड-माऊस येतो. बाहेरून एकच पोर्ट उघडा, ४४३.

विंडोजचा पासवर्ड यातही राहतोच, हे लपवायचं नाही. पण तो आता प्रत्येक यूजरसाठी मशीनने बनवलेला लांबलचक असेल, ग्वाकामोलीच्या डेटाबेसमधे असेल आणि एकाही माणसाला माहीत नसेल. ज्याला माहीतच नाही तो फोनवर कुणाला सांगणार कसा. पासवर्डलेस म्हणताना मला हेच अभिप्रेत आहे, माणसाच्या डोक्यात आणि तोंडात पासवर्ड नको.

एसएमएसवरचा ओटीपी का नको असं अण्णांच्या मुलानं विचारलं, बँकवाले तर तेच देतात. ओटीपी माणूस वाचतो आणि टाईप करतो, म्हणजे खोट्या पानावरही टाईप करतो, फोनवर सांगतोही, आणि सिमच दुसऱ्यानं काढून घेतलं तर ओटीपी त्याच्याकडंच जातो. पासकीमधे ब्राऊझर स्वतः बघतो की हे पान त्याच डोमेनचं (साईटच्या नावाचं) आहे का ज्यासाठी की बनवली होती, एक अक्षर इकडं-तिकडं असलं तरी की सहीच करत नाही. माणूस फसला तरी की फसत नाही. तीनदा समजावलं, तिसऱ्यांदा पटलं.

२२ एप्रिल

आज दिवस फुकट गेला असं वाटत होतं, पण नंतर कळलं तेव्हा बरं वाटलं. लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) टेस्ट करायला १९२.१६८ वाला आयपीच टाकून कीक्लोक उघडत होतो, सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं, रजिस्टरचं बटण दाबलं की ब्राऊझर सरळ एरर. दोन ब्राऊझर बदलले, की बदलली, कीक्लोक परत टाकलं. मग डोक्यात आलं, वर आठवड्यापूर्वी मीच लिहून ठेवलंय की की डोमेनला बांधलेली असते, आणि आयपी म्हणजे डोमेन नव्हे. वेबऑथनला नाव लागतंच, आयपीवर चालत नाही, एचटीटीपीएसशिवाय चालत नाही, फक्त लोकलहोस्टला (मशीनचं स्वतःचं नाव) सूट आहे.

कंपनीच्या डोमेनवर सबडोमेन काढलं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट डीएनएस चॅलेंजनं (डोमेनच्या नोंदीत खूण टाकून) घेतलं म्हणजे पोर्ट ८० उघडायला नको. सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आपोआप रिन्यू होतं पण नाही झालं तर सगळे बाहेर, म्हणून उरले २० दिवस की मला मेसेज येईल अशी स्क्रिप्ट लावली. आणि हे नाव आता बदलायचं नाही, बदललं की सगळ्यांच्या पासकी बाद. अण्णांच्या मुलाला डोमेनच्या रिन्यूअलची तारीख कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहायला लावली.

२ मे

लिनक्सच्या एसएसएचवर (लांबून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) बसलो. माझ्यासाठी आणि अण्णांच्या मुलासाठी ईडी२५५१९-एसके प्रकारची की, ही ओपनएसएसएच ८.२ पासून, फेब्रुवारी २०२० पासून आहे. डिस्कवरची फाईल कुणी उचलून नेली तरी उपयोग नाही, हार्डवेअर की पोर्टला लावून बोट टेकवल्याशिवाय सही होत नाही. पिन मागायची सोयही लावली.

दोन गोष्टी अडल्या. एक, माझ्या विंडोज १० च्या लॅपटॉपवर असलेलं एसएसएच ८.१, त्याला हा प्रकारच माहीत नाही. नवीन टाकलं, झालं. (विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबरात संपतोय, त्या सहा मशीनचं बजेट वेगळं मांडायचंय.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुख्य कॉन्फिग फाईलमधे पासवर्ड लॉगिन बंद केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि खात्री करायला की न लावता दुसरीकडून शिरलो तर पासवर्ड विचारतोय! फाईल परत बघितली, स्पेलिंग बरोबर, परत रीस्टार्ट, परत विचारतोय. तासाभरानं सापडलं. उबंटूमधे कॉन्फिगची एक वेगळी डिरेक्टरी असते, तिथं क्लाउड-इनिटनं (सर्व्हर पहिल्यांदा चालू होताना सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) टाकलेली ५० नंबरची फाईल, त्यात पासवर्ड चालू. एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएचचा प्रोग्रॅम) जी किंमत पहिल्यांदा वाचतो तीच धरतो, नंतरची बघत नाही, आणि ती डिरेक्टरी मुख्य फाईलच्या अगदी सुरुवातीलाच वाचली जाते. म्हणजे मी खाली कितीही वेळा नो लिहिलं तरी वर येस वाचून झालेलं. एसएसएचडीला कॅपिटल टी देऊन चालवलं की शेवटी नक्की काय लागू झालंय ते सगळं छापून देतो, तेच बघायचं, फाईलवर विश्वास ठेवायचा नाही. कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह हा लॉगिनचा दुसरा प्रकारही बंद केला, नाहीतर त्या वाटेनं पासवर्ड परत आत येतो.

मी जर बाहेरून शिरून बघितलं नसतं तर आज इथं "पासवर्ड बंद केला" असं लिहून झोपलो असतो.

९ मे

हार्डवेअर की आल्या. प्रत्येकाला दोन, एक रोजची, एक लॉकरमधली. अण्णांना वाटलं एक पुरे. दोन घेतल्याशिवाय मी हे चालूच करणार नाही म्हटलं, एकच की म्हणजे ती हरवली त्या दिवशी कुणीतरी "तात्पुरता" पासवर्ड चालू करणार आणि तो सहा वर्षं राहणार, हे आपण करून बसलोय.

दुपारी गोडाऊनला मामांना शिकवायला गेलो. मामा गेटपास काढतात, चाळीस वर्षं हळदीत आहेत, हाताची बोटं नखापर्यंत पिवळी. आधी त्यांच्या फोनवरच पासकी करू म्हटलं, बोटाचा ठसा लावा म्हटलं, त्यांनी बोट पुसलं, धोतराला पुसलं, फोन काही घेईना. पॉलिशच्या ड्रमजवळ उभं राहून राहून बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत आणि वर पावडरचा थर. मामा हसून म्हणाले, "आधारच्या टायमाला बी असंच झालं होतं बघ, हळदीनं खाल्लं बोट." फोनचा पिन होताच, त्यानं झालं असतं, पण रोज आधी ठसा फसणार आणि मग चिडचिड करत पिन मारायचा, ते मला नको होतं.

मग हार्डवेअर की लावली. तिच्यावरची ती गोल चकती ठसा वाचत नाही, फक्त माणसाचं बोट टेकलं एवढंच बघते. मामांनी पिवळं बोट टेकवलं, हिरवा दिवा लुकलुकला, आणि स्टॉकचं पान उघडलं. त्यांनी बोट काढलं, परत लॉगआऊट करून परत लावलं. तीनदा. चकतीवर हळदीचा बारका डाग पडला, तो तसाच ठेवलाय.

पिनचं मात्र नीट सांगावं लागलं. सलग तीनदा चुकला की की काढून परत लावावी लागते, आणि मधे एकदाही बरोबर न येता एकूण आठ वेळा चुकला की पिन कायमची लॉक, मग रीसेट, आणि रीसेट म्हणजे आतल्या सगळ्या पासकी गेल्या. म्हटलं मामा, दोनदा चुकला की थांबायचं आणि मला फोन करायचा. त्यांनी ते खडूनं काट्याच्या खोलीच्या दारामागं लिहून ठेवलं, "२ चुकले की फोन". पिन लिहिला नाही, मी बघून घेतलं.

१० मे

ग्वाकामोलीचा मूळचा अ‍ॅडमिन अकाउंट, नाव आणि पासवर्ड दोन्ही सारखे असतात तो, डिलीट. पहिल्याच दिवशी करायचं होतं.

२१ मे

ताईंचं. त्यांना हार्डवेअर की नकोच होती, पर्समधे हरवेल म्हणाल्या, फोनमधली पासकी चालेल. घरच्या लॅपटॉपवर सुरेख चाललं. आज ऑफिसातल्या डेस्कटॉपवर बसल्या, क्यूआर कोड आला, फोननं स्कॅन केला, आणि फोन नुसता फिरत बसला. इंटरनेट दोन्हीकडं चालू. "अहो दादा, कालपर्यंत चालत होतं की."

डेस्कटॉपला ब्लूटूथच नाही. फोन आणि कॉम्प्युटर खरोखर शेजारी शेजारी आहेत हे ब्लूटूथनं तपासलं जातं, नाहीतर दिल्लीत बसलेला कोणी क्यूआरचा फोटो ताईंना पाठवून "हे स्कॅन करा" म्हणाला असता आणि तो आत गेला असता. म्हणजे जे अडत होतं तेच खरं तर राखणदारी करत होतं. ताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या मग अडू दे, मला ती किल्लीच द्या. सुपारीच्या डबीला दोऱ्यानं बांधलीय, आता हरवत नाही.

ऑफिसातल्या बाकी तीन डेस्कटॉपलाही ब्लूटूथ नाही, तिथं हार्डवेअर कीच.

२८ मे

यंदा मे संपायच्या आतच पाऊस बसला. अण्णांनी सकाळीच विचारलं, झालं का?

झालं नाही, कारण आज मी दिवसभर एकाच प्रश्नावर बसलोय: की हरवली तर माणूस परत आत कसा येणार? आतापर्यंतचं सगळं काम पुढच्या दाराचं. पण की हरवल्यावर जी वाट आपण देतो, खरं कुलूप तेवढंच मजबूत असतं. मागची वाट जर "मला व्हॉट्सअ‍ॅप करा, मी लिंक पाठवतो" अशी असेल तर चोर पासकीच्या वाटेला कशाला जाईल, ताईंचा डीपी लावून मलाच मेसेज करेल.

आणि खरंच तशी वाट उघडी सापडली. कीक्लोकमधे लॉगिन फ्लो (लॉगिनच्या पायऱ्यांचा क्रम) मी कॉपी करून पासकी घातली होती, पण जुना पासवर्डचा फॉर्म त्यातच पर्याय म्हणून राहिलेला, "दुसऱ्या पद्धतीनं प्रयत्न करा" दाबलं की पासवर्ड विचारतो. म्हणजे सगळ्यांना वाटतंय पासवर्ड गेला आणि तो पडद्यामागं उभा. फ्लोमधून काढून टाकला, फरगॉट पासवर्ड बंद, आणि अ‍ॅडमिनचं पान बाहेरच्या जगाला एनजिनएक्सवरच (पुढं बसवलेला वेब सर्व्हर) अडवलं, ते आता फक्त आतून उघडतं. मग प्रत्येकाच्या नावाखाली जाऊन जुने साठवलेले पासवर्ड एकेक करून डिलीट केले.

परत यायची वाट अशी ठरवली, अण्णांसमोर बसून. की हरवली तर आधी लॉकरमधली दुसरी. ती लॉकरमधून दोन जणांसमोर निघेल आणि वहीत सही होईल. दोन्ही गेल्या तर माणूस स्वतः ऑफिसला किंवा गोडाऊनला येईल, मी किंवा अण्णांचा मुलगा तोंड बघून नवी की जोडू. पुरात येता येत नसेल तर व्हिडिओ कॉल, आणि तोही आपण त्याच्या आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर लावायचा, त्याचा आलेला घ्यायचा नाही. मेसेजवर काहीही नाही, अण्णांचा मेसेज आला तरी नाही. अण्णा म्हणाले, "माझाबी नाही?" म्हटलं तुमचा तर अजिबात नाही, पहिला खोटा मेसेज तुमच्याच नावानं येणार. त्यांनी ते मान्य केलं याचं मला फार बरं वाटलं, कारण मालकानं स्वतःला सूट मागितली की बाकीचं सगळं कागदावरच राहतं.

एक आणीबाणीचा अकाउंट, त्याची वेगळी हार्डवेअर की, पिन बंद पाकिटात. की बँकेच्या लॉकरला, पाकीट अण्णांच्या विश्रामबागेतल्या घरी. गावातल्या ऑफिसात काहीच नाही, तिथं पाणी येतं.

५ जून

लॉग. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं लॉग १८० दिवस ठेवायचे, काही घडलं तर लक्षात आल्यापासून सहा तासात कळवायचं. सगळ्या मशीनचे लॉग एका जागी, रोज रात्री कॉपी. घड्याळं एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) लावली, विंडोज सर्व्हर चार मिनिटं मागं होता, एवढ्यावरून दोन लॉग जुळवताना माणूस वेडा होतो.

सीए साहेबांचा अकाउंट फक्त त्यांच्या तारखांना चालू, एरवी बंद. त्यांना आधी आवडलं नाही. मग म्हणाले माझ्या बाकीच्या क्लायंटकडंही हे लावून द्याल का.

सेशनची वेळ: अर्धा तास हात लावला नाही की बाहेर, काही झालं तरी दहा तासांनी परत की. कीक्लोकमधे मुळातच एवढं असतं, तेच ठेवलं. पासकी कितीही पक्की असली तरी उघडा ठेवलेला ब्राऊझर तिच्या हाताबाहेर आहे, म्हणून दुपारी जेवायला जाताना स्क्रीन लॉक करायचं रोज सांगतोय.

१५ जून, रविवार

तालीम. पूर आला असं धरून. गावातलं ऑफिस बंद, मेन स्विच पाडलेला, किल्ली अण्णांकडं. सगळे आपापल्या घरी, मी मिरजेत बहिणीकडं, मुद्दाम मोबाईलच्या हॉटस्पॉटवर.

९:१० ताई आत. ९:१५ अण्णांचा मुलगा. ९:२० मामा गोडाऊनवरून, ते तिथंच होते. ९:४० ला एका पोराचा फोन, की ऑफिसच्या ड्रॉवरमधे राहिली. त्यानं विचारलं एवढ्यापुरतं काही करता येईल का, मी नाही म्हटलं, लॉकरची वाट. तो पावसात गाडी काढून गेला, दोघांसमोर सही केली, १०:५५ ला आत आला. तो वैतागला होता, पण पुरात की ड्रॉवरमधे असती तर ती पाण्याखाली असती, हे त्याला त्या सव्वा तासात कळलं.

ताईंनी टॅलीतून दोन पट्ट्या काढल्या. ग्वाकामोली प्रिंटची पीडीएफ करून ब्राऊझरमधे देतो, ती त्यांनी घरच्या प्रिंटरवर छापली, आणि फोन करून म्हणाल्या, "दादा, २०१९ ला मी मिरजेच्या शाळेत बसून मोबाईलच्या उजेडात पट्ट्या हातानं लिहिल्या होत्या." पुढं काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

दुपारी आणीबाणीचं पाकीट फोडून तोही अकाउंट वापरून बघितला, चालला, पिन बदलला, नवीन पाकीट, तारीख टाकून अण्णांची सही.

१६ जून

वायरगार्डच्या पाचही की काढल्या, राऊटरवरचा तो पोर्ट बंद. बाहेरून मोबाईलवरून स्कॅन केला, ४४३ सोडून काही उघडं नाही.

ताईंच्या मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी काढली. गोंद वाळून चिकटला होता, नखानं खरवडावा लागला.

पुढची तालीम १३ जुलै. त्या दिवशी मी फोन बंद ठेवणार आहे, माझ्याशिवाय जमतंय का बघायचंय.